त्याईचं नाव

आई, आपल्या घरात आता मागाची खटखट नाही. बाबा वाडीच्या गोदामात कामाला जातात आणि मी महिला आयोगाच्या सुनावण्यांमध्ये काम करते. मी पदवीधर झाले, आपल्या घरातली पहिली. तू गेलीस तेव्हा मी पाचवीत होते, म्हणून हे तुला सांगायचं राहूनच गेलं.

आयोगाच्या एक बाई आपल्या गल्लीत आल्या होत्या, आठवतं? दुपारचं ऊन दारातून आत येतंय, तू चरखा फिरवत कांड्यांवर सूत भरतेस आणि त्या तुझ्यासमोर जमिनीवरच बसतात. "काम काय करता?" "काही नाही, घरीच राहते," असं म्हणताना तुझा हात थांबत नाही. मग त्या बाबांचं नाव विचारतात. तू पदर तोंडाला लावतेस आणि मला कोपरानं ढोसतेस, "सांग वं, तुह्या बाबाचं नाव." मी ऐटीत सांगते. त्या वयात मला वाटायचं, आईला एक तोंड कमी आहे आणि ते मी आहे.

आज सुनावणीला हुडकेश्वरची एक बाई आली होती. नवऱ्यानं तिला बाहेर काढून घराला कुलूप लावलं होतं. तिला फक्त आपल्या घरात परत जायचं होतं. अध्यक्षबाईंनी विचारलं, तक्रार कोणाविरुद्ध आहे, नाव सांगा. ती मान खाली घालून म्हणाली, "त्याईचं नाव कसं घेऊ मॅडम? कधी घेतलंच नाही." मागून सासू खेकसली, "घर मागाले लाज नाही, नाव घ्याले लाज हाये!" लोक हसले. नाव माझ्यासमोरच्या कागदावर होतं. जुन्या सवयीनं माझं तोंड उघडलं, तेवढ्यात अध्यक्षबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "घाई नाही," त्या तिला म्हणाल्या.

मग नुसती पंख्याची घरघर. त्यात हळूहळू तुझा चरखा ऐकू यायला लागला, आणि समोरच्या खुर्चीत तू बसली होतीस, मांडीवर सुताचे बारीक धागे घेऊन. शेवटी त्या बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं. आधी पुटपुटत, मग आडनावासकट, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "अन् घर माह्यंही हाये," ती म्हणाली.

लोक विचारतात, आयोग करतो काय, शिफारशीच ना? खरं आहे, हुकूम कोर्टाचा असतो. पण त्या शिफारशीवर पोलीस तिच्यासोबत गेले आणि संध्याकाळी तिचा फोन आला, "मॅडम, घरात आली मी. चहा करून राहिली." तेवढ्या चहात मला सगळं जग बदललेलं दिसलं. तू हसली असतीस.

बाबा तुला नुसतं "अवं" म्हणायचे आणि गल्लीसाठी तू फक्त अमकीची आई होतीस. आज खिडकीशी उभी राहून तुझं नाव मोठ्यानं घ्यायचं ठरवलं, आणि "आई" एवढंच बाहेर आलं. पाकिटावर नाव लिहावं लागतं, म्हणून हे पत्र पाकिटात घालत नाही. मलेही लाज वाटते वं, आई.