सेवकच्या बेटावर लढाई नाही

लाखनी, जून १९८२

सेवकच्या बाबाले नमस्कार. इथं सुनेच्या माहेरी नात मजेत आहे. भूक लागली का घर डोक्यावर घेते, अगदी तुमच्यावानी! मी तिले खाली ठेवतच नाही.

पण तुम्ही रेडिओ ऐकून जेवण काहून सोडलं? इंग्रजाची लढाई चालू आहे ते बेट वेगळं अन् सेवकचं जहाज बिघडून उभं आहे ते सेंट हेलेना वेगळं. सुनेच्या बापानं नकाशा दाखवला, “विहीणबाई, इथं पोरगं, इथं लढाई.” मधात माझा अख्खा पंजा बसला.

सेवकचं पत्र आलं. पण त्यात लिहिलं काय? इंग्रजानं तिथं फ्रान्सच्या बादशहाले मरेपर्यंत कैदेत ठेवलं, मंग आफ्रिकेतल्या लढाईतले शेतकरी आणून कोंबले, मागच्या मोठ्या लढाईत जर्मनानं तिथंच तेलाचं जहाज बुडवलं. अरे बाबा, मले काय परीक्षा द्यायची आहे? भात भेटते का, पाठ दुखते का, ते लिही ना!

आता तिथलं टपालाचं जहाजही इंग्रजानं लढाईच्या कामाले नेलं म्हणते. म्हणून पुढच्या पत्राले उशीर होईल. बाकी काही नाही.

धानाचे पऱ्हे टाकले का? गाय दूध देते ना?

“पोरगं परत आल्याशिवाय बारशाले येत नाही” हा हट्ट सोडा अन् एस्टीत बसा. पाळण्यापाशी बाप नाही, आजाही नाही, असं दिसलं त आपली सून चंद्रकांता माझ्याच तोंडाकडे पाहील. मले एकटीले तेवढं हसता येणार नाही.

तुमची वाट पाहणारी,
सेवकची माय