मागचे दोन खिसे

प्रिय दादा,

तुझी काळी पँट आज पुन्हा माझ्या मशीनवर आली. वहिनी पिशवी देताना म्हणाली, "वन्सं, मूळव्याधीच्या पथ्यानं तुमचे बंधुराज परत नवरदेव दिसायला लागलेत!"

मीही हसले. मग पँट उलटी केली. कंबर आत घ्यायची तर मागची शिवण उसवावी लागते, आणि दरवेळी मागचे दोन खिसे एकमेकांकडे सरकतात. तुझे आता जवळजवळ चिकटलेत. दादा, पथ्यानं माणूस एवढा आटत नाही.

बाबाही रक्त पडायचं त्याला मूळव्याधच म्हणायचे. दुर्बिणीनं आतडं तपासलं तोवर गाठ यकृतापर्यंत पोचली होती. औषधं होती, पण ती लागू पडायची वेळ निघून गेली होती. तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं होतं, मुलांनी चाळिशीतच तपासून घ्यावं. बाहेर आल्यावर तू म्हणालास, "असली जागा कोण दाखवत बसणार?" आणि एवढ्या दुःखातही आपण दोघं पोट धरून हसलो.

"आधी तपासून ये, तोवर पँटला हात लावणार नाही," असं तुला ठणकावून लिहायला बसले होते. पण हे पत्र पिशवीत टाकायला हात धजत नाही. तू लगेच विचारशील, "आणि तू गं? तू जाऊन आलीस?"

काय सांगू, दादा? तुझ्या पँटआधी मी माझेच ब्लाउज शिवणीत आत घेऊन ठेवलेत.

तुझीच,
धाकटी