बांधावरची वाट

आई, आज कोर्टाच्या कागदांचं भाषांतर करताना ‘हक्काने’ हा शब्द आला आणि मला आपली विहिरीची वाट आठवली.

दुष्काळाचं साल. काष्टीच्या शिवारात पाणी होतं ते ओढ्याकाठच्या गावविहिरीला, आणि आपली वाट शेजारच्या शेतातल्या आक्काच्या बांधावरून. आक्काच्या थोरल्या लेकाने तिथे बाभळीच्या फांद्या टाकल्या, म्हणून तू दावा लावलास. मला बोटाला धरून तू श्रीगोंद्याच्या कोर्टात उभी आहेस. आपले वकील बजावतात, “हक्काने जात होते, एवढंच म्हणा.” तू हसतेस. “मंग? आक्का माझ्या हक्काचीच हाय.”

पलीकडच्या वकिलाने विचारलं, “जायला परवानगी घेत होता?”

“व्हय तर. दर साली पेरणी झाली की आक्काला इचारते, जाऊ ना? पिकात पाय पडायचा, इचारायला नगं?”

आपल्या वकिलांनी डोळे मिटले. बाहेर लिंबाखाली त्यांनी समजावलं: कायद्यात हक्काने म्हणजे कुणाला न विचारता. वर्षानुवर्षं तसं चाललं, तरच वाट आपली. विचारलं की ती समोरच्याची मेहेरबानी.

तू म्हणालीस, “म्हंजी पीक तुडवीत गेले असते, तर वाट माझी? लई नवल हाय.” रागाने नाही, देवळाचा कळस बघावा तशी कोर्टाच्या इमारतीकडे बघत.

दावा गेला. दुसऱ्या दिवशी घागर घेऊन तू काट्यांपाशी थांबलीस. “आक्का, जाऊ ना?”

आक्का आली. पायाने फांदी सारत म्हणाली, “कोर्टात नाक कापून आलीस, तरी इचारतीसच का गं भवाने? जा. माझी बी घागर भरून आण.” थोरला गोठ्याच्या दारातून नुसता बघत राहिला.

आक्का गेली आणि तेराव्यानंतर काटे परत आले. तेव्हा मला वकिलांचं म्हणणं उमगलं. परवानगी माणसाबरोबर जाते. कायद्याला माणूस गेल्यावरही उरेल अशी वाट हवी असते. केवढी लांबची नजर ती! आणि तरी तिला तुझा तो एक प्रश्न दिसला नाही.

हे पत्र आता घडी करून तुझ्या मागे राहिलेल्या लुगड्याखाली ठेवते. एक सांगायचं राहिलं. आमच्या सोसायटीचा जिना सगळ्यांचा आहे, माझाही. पण शेजारीण लादी पुसत असली, की मी पायरीवर थांबते. विचारते, जाऊ ना?