दूधवाल्याच्या मापाचा कोट

प्रिय विसरळू,

मी तुझी आजी. ओळख सांगितलेली बरी, कारण गेल्या खेपेला तू चष्मा माझ्या शिवणाच्या डब्यावर विसरून गेलीस आणि अर्ध्या वाटेतून फोन करून मलाच विचारलंस, की आजी, आज बाहेर धुकं आहे का गं? अक्षर बघून दचकू नकोस, या वयात मी शाळेत नाव घातलेलं नाही. आपल्या जिन्याखालचा इस्त्रीवाला लिहितोय. मी बोलते, तो लिहितो आणि मधेच हसतो. हसू कागदावर उतरवायचं नाही, असं त्याला बजावलंय.

तुझा बाप परवा पुन्हा येऊन गेला. माणूस वाईट नाही, मीच वाढवलाय. पण आला की भिंतींकडे असा बघतो, जणू त्या आजच माझ्या अंगावर पडणार आहेत. दोन खोल्यांचं भाडं कशाला भरतेस, आमच्याकडे ये, हे त्याचं पालुपद तुला पाठ आहेच. त्याच्या घरी मला काही कमी नाही. तुझी आई चहा हातात आणून देते. पण इथे मला चहा हवासा वाटला की मी आधण ठेवते, आणि तिथे कुणीतरी विचारेपर्यंत पेपरातली चित्रं बघत बसते. एवढाच काय तो फरक, पण माझ्या मेलीचा जीव त्या फरकातच अडकलाय. भाडं झेपलं तर मी इथे, नाही झेपलं तर उन्हाळा सरला की सामान उचलायचं, असं आम्हा मायलेकांचं ठरलं होतं. म्हणून तर तू जाताना मला फोनवर ते दुकान काढून दिलंस. म्हणालीस, जुने कपडे लोक विकत घेतात गं आजी. मला वाटलं पोरगी फिरकी घेतेय. ज्या कपड्यांची मी जन्मभर फरशी पुसायची फडकी केली, त्यांना म्हणे गिऱ्हाईक!

पहिल्यांदा माझंच कपाट रिकामं झालं. मग शेजारणी आणून द्यायला लागल्या, येईल त्यातलं अर्धं तुम्हाला म्हणाल्या. मी उसवलेलं शिवते, बटणं लावते, झिजलेली कॉलर उलटवून बसवते. इस्त्रीवाला कडक इस्त्री करून फोटो काढतो आणि खाली माहिती लिहितो. आता त्या दुकानाला माप लागतं, तेही इंग्रजी अक्षरात. मला आपली अक्षरं येत नाहीत, परक्यांची कुठून यायला? पण कपडा हातात घेतला की तो कुणाच्या अंगाला बसेल ते मला लख्ख दिसतं. म्हणून मी सांगितलं, खांद्यात आपल्या दूधवाल्याएवढा, पोटात वाण्याएवढा, बाह्या टपालवालीच्या. त्याच्या आदल्याच दिवशी मी याला झापलं होतं, की मी सांगेन तेच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही. या आज्ञाधारक बाळाने तेच लिहिलं. जसंच्या तसं. सगळ्या जगाला वाचायला.

मग काय, घेणारे थोडे आणि विचारणारे फार. आजी, तुमचा दूधवाला केवढा आहे? वाणी जेवणाआधीचा की जेवणानंतरचा? एका बाईंनी तर दूधवाल्याचं लग्न झालंय का तेही विचारून घेतलं. त्याच्या कानावर गेल्यापासून तो छाती काढून जिना चढतो. त्याला सांगून ठेवलंय, बाबा रे, बारीक होऊ नकोस, माझी मापं बिघडतील.

त्या दिवसांत खरं गिऱ्हाईक एकच, नाव रानफूल. कोट टाकला, रानफुलाने घेतला. विजार टाकली, रानफुलाने घेतली. बंडीचं एक बटण दुसऱ्या रंगाचं होतं, तीही घेतली. पत्ता तुझ्याच शहरातल्या कुठल्याशा कचेरीचा. मी आख्ख्या जिन्यात तिचं कौतुक केलं. तुलाही फोनवर सांगितलं, आणि तू म्हणालीस, अय्या, कोण असेल गं आजी! नाटकात जायला हवं होतंस तू.

पण मला एक गोष्ट टोचत होती. सगळी दुनिया विचारते दूधवाला केवढा, ही बया कशी विचारत नाही? आणि मग त्या निळ्या स्वेटरच्या वेळी तिचा निरोप आला. टपालवालीच्या बाह्या म्हणजे मला गुडघ्यापर्यंत येतील, पण चालेल, पाठवा. इस्त्रीवाल्याने वाचून दाखवलं आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. आपल्या टपालवालीचे हात लांब आहेत हे जिन्याबाहेर कुणाला माहीत? अगं वेडाबाई, आपण अनोळखी आहोत हेच विसरलीस तू!

खरं सांगते, आधी राग आला. म्हणजे दुकान नव्हतंच, नातीने म्हातारीला खेळायला दिलेला खुळखुळा होता. तुझ्या बापाला मी ताठ मानेने सांगत होते ते सगळं पोकळच. दोन दिवस सुईला हात लावला नाही. मग मनात आलं, पोरीची नोकरी नवी, पगार बेताचा, आणि खोलीत दूधवाल्याच्या मापाच्या विजारी लटकताहेत. मैत्रिणींना काय सांगत असेल? राग कसला टिकतोय, हसूच फुटलं. आणि मग जरा रडलेही. हे इस्त्रीवाल्याने लिहायचं नव्हतं, पण आज्ञाधारक आहे ना.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. महिनाभर तू फोन करून विचारते आहेस, आजी, फोन बिघडलाय का, तुझं दुकान मला दिसत का नाही? फोन ठणठणीत आहे. दुकानाचं दार मीच तुला लावून घेतलंय. इस्त्रीवाल्याला म्हटलं, रानफुलाला बाहेर ठेव, बघू तरी ते आपल्या पायावर उभं राहतंय का. पहिले काही दिवस चिटपाखरू नव्हतं. कुठली भांडी न्यायची आणि कुठली वाटून टाकायची, तेही मी मनात ठरवून टाकलं. मग ती लग्नाची चौकशी करणारी बाई आली, नवऱ्यासाठी कोट घेऊन गेली, आणि तिने सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, की दूधवाल्याचा कोट आमच्याकडे तंतोतंत बसला. तिथून लोक यायला लागले. आता काही जण आपणहून सांगतात, मी पोटात वाणी आणि खांद्यात टपालवाली, काही आहे का? या खेपेचं भाडं सगळं परक्यांच्या पैशांतून निघालं. तुझ्या बापाला तसं सांगितलं, तर तो खिडकी उघडमीट करून बघत म्हणाला, मग निदान खिडकीची कडी तरी बदलून देतो. कपडा शिवताना आधी कच्चे टाके घालतात, बाळा. ते नसतील तर कापड सरकतं आणि सगळं वाकडं होतं. पक्की शिवण पडली की ते हलक्या हाताने काढून घ्यायचे असतात. तू माझे कच्चे टाके झालीस, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण दार बंदच राहणार. फारच पैसे हातात खुळखुळत असतील, तर तुझ्या कोपऱ्यावरच्या बेकरीतला मनुके घातलेला मऊ केक पाठव, बिनक्रीमचा, आणि इस्त्रीवाल्यासाठी खारे शेंगदाणे, पण वेगळ्या पुडीत, नाहीतर केकला मीठ लागतं.

तुझीच,
दुकानदारीण आजी