कमरेचं माप

३ मार्च
चि. छबू हिस मावशीचे अनेक आशीर्वाद.
अग्निशमन दलाच्या परीक्षेसाठी तुझ्या पँटची मापं मिळाली. सीट आणि मांडी गेल्या वर्षीचीच, कमर मात्र तीन इंच कमी! तीस वर्षं शिवते आहे बये, एकटी कमरच उतरलेली बाई अजून पाहिली नाही. हे माप नाही, तुझा हट्ट आहे. त्यात तुझी आई कळवते की सरावात पाइप खांद्यावर घेऊन चढताना तिसऱ्या मजल्यावर तुला चक्कर आली. जेवतेस की नाही? खरं लिही.
तुझी मावशी

९ मार्च
ती. मावशीस सा. न. वि. वि.
पकडलंस. प्रशिक्षक म्हणाले, चार-पाच किलो उतरलीस तर परीक्षेतले सहा मजले सोपे जातील. मी महिन्यात दहा ठरवले. सकाळी नुसती कॉफी, रात्री काकडी. दिवसातून चारदा काट्यावर उभी राहते आणि आकडा हलला नाही की आरशाला शिव्या देते. परीक्षा जूनमध्ये आहे. यंदा हुकली तर पुढे वयात बसत नाही. पँट छोटीच शिव, धाक राहील.
रागाव हवं तर, पण लोभ कमी करू नकोस.
छबू

१४ मार्च
चि. छबूस आशीर्वाद.
धाकाच्या पँटा मी शिवत नाही. तुझे काका शेवटच्या आजारात दोन महिन्यांत अठरा किलो उतरले. दर आठवड्याला त्यांचे शर्ट मीच आत घेत होते. तेव्हापासून कुणी बारीक झालं म्हणून मी कौतुक करत नाही. आधी विचारते, जिना चढवतो का, झोप लागते का. वेळेवर पोटभर जेव, गोडाला हात आखडता घे, रोज थोडं जास्त चढ. काटा आईच्या कपाटात ठेव, महिन्यातून एकदा माग. शरीर तुझ्याच बाजूचं आहे गं, त्याला उपाशी कोंडू नकोस. पँट खऱ्या मापाची पाठवते आहे.
मावशी

११ जून
ती. मावशीस सा. न.
झाले सहा मजले! दिलेल्या वेळेच्या अकरा सेकंद आधी! वर परीक्षकांनी माझा परीक्षा नंबर विचारला, तो ओरडून सांगण्याइतका दम शिल्लक होता. वजन साडेतीन किलोच उतरलंय आणि मला त्याचं काही वाटत नाही. निवड झाली, सोमवारी रुजू होते.
तुझी छबू

१६ जून
चि. छबूस अनेक आशीर्वाद.
पत्र आलं तेव्हा दुकानात चार बायका होत्या. मोठ्यानं वाचून दाखवलं, मग सगळ्यांना उद्या या म्हटलं आणि भर दुपारी कुलूप लावलं. असं याआधी एकदाच केलं होतं, तुझे काका गेले तेव्हा. आज आनंदानं केलं.
माया अशीच राहू दे, आणि जेवत राहा.
मावशी