सूप खाली धर

निगडी,
५ एप्रिल १९७९

प्रिय अक्का,

इंद्रायणीला मुलगी झाली आणि तिचं नाक आपल्या आईवर गेलंय, हे तुझ्या कार्डावर वाचलं आणि कंपनीत पेढे वाटले. तू तिकडे मंचरला लेकीचं बाळंतपण करतेस आणि इथे मी स्वतःच्या हातचं पिठलं खातो. ते पिठलं आहे, हे येणाऱ्याला सांगावं लागतं.

इथे वारं सुटलंय. दुपारी घाटाकडून असं येतं की तळवड्याच्या माळावर डोक्यावरची टोपी राहत नाही. कंपनीच्या गोल्फच्या मैदानावर साहेब लोक जीव खाऊन चेंडू हाणतात आणि चेंडू आभाळात चढून भलतीकडेच पडतो. मला हसू येतं, कारण चार वर्षांपूर्वी मीही असाच गाढव होतो. कामगारांना मंगळवारी खेळायची मुभा मिळाली, तेव्हा मला वाटलं, आपण फिटर, मनगटात जोर, वाऱ्याला काय भ्यायचं? तू तिथेच रोजंदारीवर गवत कापत होतीस. माझे सात चेंडू बाभळीत गेल्यावर विळा खाली ठेवून म्हणालीस, "ज्योत्या, वारं वाढलं की सूप खाली धरत्यात का वर? वर धरलं तर भुसाबरूबर दाणं बी शेजारच्या खळ्यात जात्यात."

जन्मभर लोकांच्या खळ्यावर उफणणी केलेली तू. गोल्फची काठी कधी हातातसुद्धा धरली नव्हतीस. पण तुझं ऐकून मी चेंडू उजव्या पायाकडे सरकवला, लांब पल्ल्याची काठी घेऊन ती आखूड धरली आणि निम्म्याच जोराने मारला. चेंडू खालून सरळ गेला. "आता कसं!" म्हणून तू पुन्हा विळा उचललास. मग दर मंगळवारी चिमूटभर गवत सोडून वारं बघायला शिकवलंस, आणि झोत आला की थांबायला. थांबणं मला सगळ्यात जड गेलं.

दोन वर्षांपूर्वी ऐन वाऱ्यात मी कप जिंकला तो त्याच जोरावर. बक्षीस देताना मोठ्या साहेबांनी विचारलं, कोणी शिकवलं? अक्का, तू दहा पावलांवर होतीस, डोक्यावर गवताचा भारा. मी म्हणालो, साहेब लोकांचं बघून बघून शिकलो. सगळे खूश झाले. भारा खाली टाकून सगळ्यात जोरात टाळ्या तू वाजवल्यास. घरी येऊन गुळाचा शिरा केलास आणि त्याबद्दल आजवर चकार शब्द काढला नाहीस. चार शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं. तेव्हा मला तुझ्या विळ्याची लाज वाटली होती, आता माझीच वाटते.

पत्र लिहितोय ते एवढ्यासाठी, की नव्या खेळाडूंना शिकवायचं काम कंपनीने मला दिलंय. पहिला वर्ग रविवारी, पंधरा तारखेला. आदल्या दिवशी, चौदा एप्रिलच्या जयंतीला तू येणारच आहेस, तर एक दिवस जास्त राहा. मी मोठ्या साहेबांना सांगितलंय, त्या दिवशी मी खोटं बोललो, मला माझ्या बहिणीने शिकवलं आणि पहिला धडा तीच देईल. त्यांनी विचारलं, त्या कुठल्या क्लबात खेळतात? मी म्हणालो, खळ्यावर. तेव्हा येताना मंचरच्या बाजारातून एक चांगलं सूप आण, आपलं उंदरांनी कुरतडलंय.

तू शिकवलेला, तुझाच
ज्योतीराम