भिवादादाचा बिनफ्लॅशचा फोटो

रत्नागिरी,
१८ एप्रिल

ती. नमूताईस,

धाकट्या राजूचा वाकून नमस्कार. (किती वाकले ते विचारू नकोस, कंबरेने परवानगी दिली तितकी.) तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचं ब्लडप्रेशर गोळ्यांनी खाली आलं की बातम्या बघणं सोडल्याने, तेही कळव. इकडे सगळं ठीक. आमच्या ह्यांना रिटायर होऊन वर्ष झालं, तरी रोज नऊ वाजता डबा भरून घेतात आणि तो गच्चीवर नेऊन साडेबाराला एकटेच खातात. आता तू म्हणशील, फोन असताना पत्र कशाला? तर फोनवर तू मध्येच हसतेस. जानेवारीत मी तुला एवढंच सांगितलं की मी रोल घालायचा कॅमेरा घेतलाय, त्यावर तू जी हसत सुटलीस ती दाजींनी फोन काढून घेईपर्यंत. म्हणून हे पत्र. यात तुला मध्ये बोलता येणार नाही. आणि पहिल्याच पानावर सांगून टाकते, ताई, मी जिंकले आहे.

या सगळ्याची सुरुवात रसिकाच्या फोनने झाली. रसिका म्हणजे केळशीच्या आपल्या भिवादादाची मुलगी, मस्कतला नर्स आहे. भिवादादा तुला आठवतोच. (तुझ्या वर्गात होता, आणि तुझी पाटी फोडून ती आपण फोडली हे मास्तरांना स्वतःच सांगायला गेला होता.) गेली वीस वर्षं तो आपल्या किनाऱ्यावर कासवांची अंडी राखतो. कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नयेत म्हणून अंडी जाळीच्या कुंपणात पुरून ठेवायची, पिल्लं बाहेर आली की टोपलीत घालून समुद्राकडे न्यायची आणि वाळूवर सोडायची, आपली आपण चालत जातात. सोडायचं ते पहाटे उजाडताना नाहीतर दिवस बुडताना. ते बघायला आता मुंबई-पुण्याहून माणसं येतात. भिवादादाचा नियम एकच, उजेड नको. उजेड दिसला की पिल्लं पाणी सोडून त्या उजेडाकडेच वळतात म्हणे. म्हणून तो सगळ्यांचे मोबाइल एका झाकणाच्या बादलीत जमा करतो आणि बादलीवर स्वतःची चप्पल ठेवतो.

या नियमाचा परिणाम असा की वीस वर्षांत या माणसाचा काम करतानाचा एकही फोटो नाही. चोरून काढलेले दोन-तीन आहेत, त्यात भिवादादाची पाठ आहे आणि पाठीच्या खालचा भाग आहे. रसिका रडवेली होऊन म्हणाली, "मावशी, बाबा म्हणतात हे शेवटचं वर्ष, पुढच्या वर्षी जमायचं नाही. मला त्यांचा कासवांबरोबरचा एक फोटो पाहिजे. तोंड दिसेल असा." दिवसा चांगल्या उजेडात काढून घे म्हटलं तर भिवादादाचं म्हणणं, कासवाशिवाय माझा फोटो कशाला, मी काय निवडणुकीला उभा आहे? मी रसिकाला शब्द दिला. तुला माहीत आहे, मी शब्द आधी देते आणि विचार नंतर करते.

आमच्या बाजारपेठेत सागरचा स्टुडिओ आहे. म्हणजे होता त्याच्या वडिलांचा, आता सागर तिथे झेरॉक्स काढतो आणि आधारकार्डाला लॅमिनेशन करतो. पण वडिलांचे जुने कॅमेरे शोकेसमध्ये पुसूनबिसून ठेवलेत आणि विषय निघाला की गिऱ्हाइकाला झेरॉक्स विसरायला लावतो. मी त्याला अडचण सांगितली. मागे पडदा नको, दिवा नको, आवाज नको, आणि अंधारात फोटो निघाला पाहिजे. तो डोळे मिटून दोन मिनिटं बसला आणि मग साबणाच्या डबीएवढा एक काळा कॅमेरा काढून म्हणाला, "काकू, हा घ्या. भिंग लहान दिसतं पण मोठं उघडतं. यात आठशे नंबरचा रोल घाला, जो उजेड आपल्याला दिसत नाही तो याला दिसतो." किंमत तुला सांगत नाही. ह्यांनाही सांगितलेली नाही.

पहिला रोल मी घरातच सरावाला वापरला. दिवे बंद करून माळ्यावरच्या आंब्याच्या पेट्या, देव्हाऱ्यातली समई, टीव्हीच्या निळ्या उजेडात तोंड उघडं टाकून झोपलेले हे (चार कोनांतून), खिडकीत बसलेलं शेजारच्या जनीचं मांजर. वहीत प्रत्येक फोटोचा नंबर, वेळ, वार लिहिला. कॅमेऱ्यावर एक इवलीशी खिडकी असते, त्यात E हे अक्षर सारखं लुकलुकत होतं. मला वाटलं E म्हणजे एक्सलंट. शाळेत कधी कोणी मला एक्सलंट म्हटलं नाही, म्हणून मी जास्तच उत्साहाने काढत गेले. छत्तीसचा रोल, माझे झाले बावन्न फोटो. तेव्हाही मला शंका आली नाही, उलट वाटलं, जुन्या वस्तू कशा भरभरून देतात! सागरने कॅमेरा उघडला. रोलचं टोक दात्यात अडकलेलंच नव्हतं. सगळा रोल जसा आत गेला तसा आत बसून होता आणि मी महिनाभर रिकाम्या डबीची कळ दाबत होते. E म्हणजे एरर. सागर बिचारा हसला नाही. त्याने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, आत गेला, आणि मग आतून आवाज आला.

मार्चच्या सुरुवातीला दापोलीला गाडी बदलून मी केळशीला गेले. रोल नीट घातलेला, खिडकीत १ आलेला, मी तयार. संध्याकाळी किनाऱ्यावर पन्नासेक माणसं. भिवादादाने बादली पुढे केली. मी मोबाइल टाकला आणि कॅमेरा दाखवला. त्याने तो नाकाजवळ धरून उलटापालटा केला. "काय गो राजू, ह्याला दिवा नाय ना?" मी आपल्या आईची शपथ घेऊन म्हटलं, नाही. (आई गेली आहे म्हणून बरं.) सूर्य बुडाला, भिवादादा टोपली घेऊन गुडघ्यावर बसला, टोपलीवरचं फडकं अजून तसंच होतं. मी दोन हातांवर जाऊन कॅमेरा उघडला, नेम धरला, कळ दाबली, आणि ताई, अख्खा किनारा पांढरा झाला. अमावस्येला वीज पडावी तसा. झालं असं की फ्लॅश मी घरी बंद केला होता, पण हे कॅमेरे एकदा झाकण लावून परत उघडले की फ्लॅश आपला आपण चालू करून घेतात. आधीच्या मालकाला सवय असणार, मला कुठून माहीत?

भिवादादा काही ओरडला नाही. नुसता म्हणाला, "राजू, वर जाऊन बस." मी वर सुरूच्या झाडांखाली जाऊन बसले. छप्पन्न वर्षांची बाई, जिल्हा कार्यालयात बारा माणसं हाताखाली, आणि मी तिथे चपला हातात घेऊन. त्याने सगळ्यांना पंधरा मिनिटं गप्प बसवून ठेवलं, टोपलीला हात लावला नाही, मगच पिल्लं सोडली. मला वाटलं ही मला शिक्षा. सगळ्या गावाला तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माफी मागायला त्याच्या घरी गेले. सीतावहिनी गेल्यापासून एकटाच असतो. त्याने चहा केला. कप भरताना बोट कपात घालून बघत होता, चहा कुठवर आला ते. चहा माझ्या हातात देऊन तो म्हणाला, "काल तुला वाटलं असंल मी रागावलो. रागावलो नाय गो. तुझ्या त्या विजेनं मला नुसतं पांढरं दिसायला लागलं. टोपली कुठं नि दर्या कुठं कळंना. लोकांना सांगणार कसं? म्हणून सगळ्यांना बसवलं." दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ताई. तीन वर्षं. पिल्लं तो हाताने मोजतो. रसिकाला पत्ता नाही, गावाला पत्ता नाही. शेवटचं वर्ष का, ते मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, अरे, हे अर्ध्या तासाचं ऑपरेशन, रत्नागिरीला चल, माझ्या घरी राहा. तर हा वीस वर्षं कोल्ह्यांना हाकलणारा माणूस डॉक्टरच्या नावाने पांढरा पडला. म्हणाला, "डोळ्यात सुई घालतात." मग कॅमेरा बोटांनी चाचपत म्हणाला, "एवढ्याशा डबीला अंधारात दिसतं म्हणतेस? दिसलं तर मी येतो. तोंड ओळखू आलं पायजे. नाय आलं तर परत विषय काढायचा नाय."

म्हणजे बघ, आता नुसत्या फोटोचा प्रश्न राहिला नव्हता. त्या माणसाचे डोळे माझ्या बोटावर आले होते. मी रत्नागिरीला परत येऊन सागरकडे आठवडाभर शिकवणी लावली. (झेरॉक्सला आलेली माणसंही त्यात भाग घेत.) फ्लॅशवर इलेक्ट्रिशियनची काळी टेप दुहेरी चिकटवली. शिवाय कॅमेरा उघडला की बाजूचं बटण तीनदा दाबायचं, की फ्लॅश बंद, हे मी जपासारखं म्हणायला लागले. उघड, तीनदा दाब. झोपेतही म्हणत असे, असं ह्यांचं म्हणणं. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे हात. उजेड कमी असला की कॅमेऱ्याचा पडदा जास्त वेळ उघडा राहतो आणि तेवढा वेळ हात हलला तर माणसाचं भूत येतं. माझा हात तर मीठ टाकतानाही हलतो. त्यावर सागरने उपाय सांगितला, छोटी उशी करा, तिच्यावर कॅमेरा टेकवा. मी ह्यांचा ऑफिसचा मोजा घेतला, त्यात अर्धा किलो तांदूळ भरले आणि गाठ मारली. कॅमेरा त्यावर असा बसतो, जसं काही बाळ पाटावर बसलंय.

मार्चच्या वीस तारखेला पहाटे मी केळशीच्या वाळूवर पालथी झोपले. पोटाखाली साडी, हनुवटीखाली वाळू, समोर तांदळाचा मोजा. पूर्वेला डोंगरामागे फक्त एक करडी रेघ. पर्यटकांमधल्या एका बाईंनी मला चक्कर आली समजून पाणी आणलं. मी हातानेच त्यांना बाजूला केलं. उघड, तीनदा दाब. भिवादादाने फडकं काढलं, टोपली आडवी केली, आणि पिल्लं निघाली, बिस्किटाएवढी, पंख्यासारखे हात मारत. एक उलटं पडलं, त्याने बोटाने सुलटं केलं. मी श्वास धरला. घाई केली नाही. योग्य क्षणाची वाट बघितली. मग भिवादादा मान वर करून हसला, त्याच क्षणी मी कळ दाबली. नुसतं 'टिक' झालं, लाटेच्या आवाजात तेही गेलं. एकाही पिल्लाने मान वळवली नाही. (पुढच्याच फोटोला रोल संपला आणि कॅमेऱ्याने तो घर्रर्र करून गुंडाळायला घेतला, तेव्हा मात्र सगळ्या किनाऱ्याने मान वळवली. मी मोज्यावर तोंड दाबून पडून राहिले.)

रोल धुवायला मुंबईला पाठवावा लागतो. नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मी दोनदा वरणात साखर घातली. पाकीट आलं ते सागरने मलाच उघडायला दिलं, आपण भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पहिला एक पांढराफटक भिवादादा, पुढ्यात झाकलेली टोपली, मग शिकवणीच्या आठवड्यातले आमचे हे झोपलेले, मग काळोख, मग काळोख. आणि मग तो. ताई, काय सांगू! सगळा निळा उजेड, ओली वाळू चमकतेय, पिल्लं चालती असल्याने थोडी पुसट, पाण्याच्या थेंबांसारखी, आणि मध्ये भिवादादा. दात पडलेत ते दिसतात, कपाळावरची वाळू दिसते, हसताना मिटणारे डोळे दिसतात. सागरने बघितला आणि "बाबा असते तर" एवढंच म्हणून लॅमिनेशनचं मशीन बंद केलं.

रसिकाला पाठवला. ती ड्युटीवर होती, वॉर्डातल्या सगळ्या नर्सना आणि दोन पेशंटना दाखवला म्हणे. भिवादादाला मी मोठा छापून नेऊन दिला. त्याने तो नाकाला लावला, खिडकीशी नेला, परत नाकाला लावला. मग म्हणाला, "हा तर माझा बापूस." मी म्हटलं, तूच आहेस. त्याने फोटो खाली ठेवला आणि कपाटातून बॅग काढली. शब्दाचा पक्का, पाटीच्या वेळेपासून.

पाच एप्रिलला इथे उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर डॉक्टरांनी विचारलं, काय दिसतं? त्याने आधी डॉक्टरांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "राजू म्हातारी झाली." सगळे हसले, मीसुद्धा. पुढच्या वर्षी परत किनाऱ्यावर जाणार म्हणतोय. तर ताई, आता तुला कितीही हसायचं असेल तेवढं हास.

दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आणि हो, फोटो सोबत पाठवतेय, बोटं पुसून हातात घे.

तुझी,
राजू

ता. क. — खोटं लिहून पाठवल्यावर झोप येत नाही, म्हणून पाकीट परत उघडून लिहिते. मी योग्य क्षणाची वाट वगैरे काही बघत नव्हते. मी झोपले होते तिथे एक खेकडा निघाला आणि माझ्या साडीत शिरला. मी तोंड दाबून किंचाळले, आणि त्याने दुसरा चिमटा काढला तेव्हा कळ दाबली गेली. भिवादादा जो हसतोय तो माझ्या त्या किंचाळण्यावर हसतोय. खरं तर नेम एका पिल्लावर धरला होता.

आणखी ता. क. — डाव्या डोळ्याचं ऑपरेशन बारा मेला आहे. थेंब दिवसातून सहा वेळा घालायचे, दर वेळी त्याला धरून बसायचं. माझी रजा संपली आणि ह्यांना बाटलीचं झाकण उघडत नाही. मी भिवादादाला विचारलं, कोणाला बोलवू? तर म्हणाला, "नमूला विचार. पण ती येईल का एवढ्या लांब? मला वाटत नाय." मी सांगून टाकलं की ती दहा तारखेला सकाळी पोचते. तिकीट या पाकिटातच आहे, नीट बघ, खालची बर्थ आहे.